लेखनाचें व्रत

मागील सत्रांत आम्हीं आठवीच्या वर्गास 'माझी आई' ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितलें. वह्या गोळा करून तपासावयास बसलों, तेव्हां एक चमत्कार दृष्टीस पडला. वर्गांतील बहुतेक मुलांच्या आया एकसारख्या होत्या! सर्वांच्या आया पहांटे पांच वाजतां उठत, सडासंमार्जन करीत, तुळशीला पाणी घालीत आणि मग मुलांना हांक मारीत. ज्यांच्या अंगणांत तुळशीवृंदावन कधींच नव्हतें, त्यांच्या आयाहि तुळशीला पाणी घालीत होत्या. बाजारांत मिळणाऱ्या निबंधाच्या पुस्तकांतील ही आई होती. भाषा शुद्ध होती, अक्षर वळणदार होतें. आम्हीं संतोषानें गुण दिले.

त्यांत बोर्डिंगमधील एका मुलाची वही होती. त्याची आई दरवर्षीं दिवाळी झाली कीं सुरतेकडे ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्यांत परत येते, हें आम्हांस ठाऊक होतें. तरी त्यानें लिहिलें होतें कीं, आई रोज सकाळीं आपणांस चहा करून देते व संध्याकाळीं आपला अभ्यास घेते. आम्हीं त्याला दहांपैकीं आठ गुण दिले. त्या रात्रीं ती वही पुन्हां डोळ्यांपुढें आली आणि आमची आम्हांलाच लाज वाटली. त्या मुलापाशीं सांगण्यासारखें केवढें होतें! तें त्यानें लिहिलें नाहीं. कारण असेंहि लिहावयाचें असतें, हें आम्हीं त्याला कधीं शिकविलेंच नव्हतें.

तेव्हांपासून ह्या विषयावर चार शब्द लिहावे असें मनांत होतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: लेखन हें गुण मिळविण्याचें साधन आहे खरें, परंतु त्याच्याहि आधीं तें स्वतःला ओळखण्याचें, मनावरील भार हलका करण्याचें आणि आपल्या सुखदुःखाकडे सरळ नजरेनें पाहण्याचें साधन आहे. आणि हें दुसरें काम तें तेव्हांच करतें, जेव्हां लिहिणारा खरें लिहितो, नेमानें लिहितो, आणि कोणी तपासील ह्या भीतीवांचून लिहितो.

असें कां व्हावें? मनांत जें असतें तें सारें एकदम असतें. राग, लाज, आठवण, भीति हीं सर्व एकमेकांत गुंतलेलीं असतात. कागदावर मात्र एका वेळीं एकच शब्द मावतो. म्हणून लिहावयास बसतांच त्या गुंत्याचें एक टोक धरावें लागतें. आधीं काय झालें, मग काय झालें, तेव्हां मला काय वाटलें, हें क्रमानें मांडावें लागतें. तणानें भरलेल्या वावराकडे पाहून शेतकऱ्याची छाती दडपते. पण एका कडेनें निंदणी धरली कीं दिवस मावळेपर्यंत बरेंच रान मोकळें झालेलें असतें. लेखनाचेंहि तसेंच आहे. दुःख लिहिल्यानें नाहींसें होत नाहीं; पण तें केवढें आहे, कोठून आलें, आणि त्यांत आपला दोष किती व दुसऱ्याचा किती, हें कळूं लागतें. कळलेलें दुःख न कळलेल्या दुःखाहून सोसावयास सोपें असतें.

ह्याचें सर्वांत जवळचें उदाहरण आपल्या खानदेशांतच आहे. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं वेगळा झाला. तोंवर आपण धुळें जिल्ह्यांत होतों. त्या धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबा भावे दर रविवारीं गीतेवर प्रवचन करीत, आणि एक राजबंदी तें भराभर उतरून घेत असत. ते राजबंदी म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, आपले साने गुरुजी. अठरा रविवारीं अठरा अध्याय पुरे झाले. आज 'गीता प्रवचनें' हा ग्रंथ आपल्या हातीं आहे, तो त्या उतरून घेण्यामुळें.

त्यापूर्वीं, १९३० पर्यंत, गुरुजी अमळनेरच्या हायस्कुलांत शिक्षक होते. अमळनेर आपल्याच ताप्ती व्हॅलीच्या आगगाडीच्या रस्त्यावर आहे. आपल्यापैकीं पुष्कळांनीं तें स्टेशन पाहिलें असेल. तेथील छात्रालय त्यांच्याकडे आल्यावर त्यांनीं मुलांसाठीं एक हस्तलिखित दैनिक चालविलें. दैनिक म्हणजे रोज लिहावयाचें! वर्गांत शिकवावें, छात्रालयांतील मुलांचें दुखलेंखुपलें पाहावें, आणि पुन्हां रोज हातानें अंक लिहावा. आज उत्साह आहे म्हणून लिहिलें आणि उद्यां नाहीं म्हणून टाकलें, असें दैनिकास चालत नाहीं. ह्या नेमाचें फळ पुढें कसें आलें तें पाहा.

१९३३ सालीं गुरुजी नाशिकच्या तुरुंगांत होते. तेथें ९ फेब्रुवारीस त्यांनीं 'श्यामची आई' लिहावयास घेतलें, आणि १३ फेब्रुवारीस तें लेखन संपविलें. अवघे पांच दिवस! त्यांची आई १९१७ सालीं वारली होती, आणि शिक्षणासाठीं दूर असलेल्या मुलास तिच्या अखेरच्या वेळीं जवळ राहतां आलें नव्हतें. तें दुःख पंधरा वर्षांहून अधिक काळ मनांत होतें. पुस्तक पांच दिवसांत झालें असें लोक म्हणतात. आमच्या मतें तें पंधरा वर्षें मनांत आणि पांच दिवस कागदावर लिहिलें गेलें. आणि अमळनेरच्या रोजच्या लिहिण्यानें हात तयार झाला नसता, तर ते पांच दिवसहि पुरते ना. मनांत सांठलेलें दुःख, रोजच्या नेमानें तयार झालेला हात आणि हातीं असलेला मोजका काळ, ह्या तिहींचा तो योग होता. आपल्या आईविषयीं खरें लिहिणें म्हणजे काय, हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें तें पुस्तक वाचावें. पण त्यांतील आई आपल्या निबंधांत उतरवूं नये. ती श्यामची आहे. आपली वेगळी आहे.

मुलें म्हणतील, "ते मोठे लेखक, आम्ही साधे विद्यार्थी." तर मग एका विद्यार्थिनीची गोष्ट ऐका. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या पुण्यांतील शाळेंत मुक्ता साळवे नांवाची मांग जातीची एक मुलगी शिकत होती. वय सुमारें चौदा वर्षांचें. तिनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला आणि १८५५ सालीं तो 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. 'ज्ञानोदय' हें १८४२ सालीं तेव्हांच्या अहमदनगरास मिशनऱ्यांनीं सुरूं केलेलें पत्र. ज्यांना ग्रंथ वाचण्याची बंदी आहे त्यांचा धर्म तरी कोणता, असा सरळ प्रश्न ती त्यांत विचारते. डोक्यावर छप्पर नसतां बाळंत होणाऱ्या आपल्या जातीच्या स्त्रियांचे हाल ती सांगते. तिच्यापुढें नमुन्याचा निबंध नव्हता. असता तरी त्यांत तिची माणसें नसतीं. तिनें जें पाहिलें तें लिहिलें. म्हणून एकशें सत्तर वर्षांनंतरहि तें वाचतांना मन हलतें. जी मुलगी आपलें दुःख असें मांडूं शकते, ती त्या दुःखाखालीं दबलेली राहत नाहीं. ती त्याच्यासमोर उभी राहते.

आणखी एक अडचण मुलें सांगतात, ती शुद्धलेखनाची. "ऱ्हस्व कोठें, दीर्घ कोठें, हें आम्हांस कळत नाहीं, मग लिहावें कसें?" ह्याचें उत्तर लक्ष्मीबाई टिळकांनीं देऊन ठेविलें आहे. त्यांना शाळेचें शिक्षण मिळालेलें नव्हतें. व्याकरण पढून त्या लेखिका झाल्या नाहींत. तरी १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेलीं त्यांचीं 'स्मृतिचित्रें' मराठींतील उत्तम आत्मचरित्रांत मोडतात. दारिद्र्य, ताटातूट, अपत्यांचे वियोग, सर्व त्यांनीं भोगलें. आणि लिहितांना त्या आपल्या फजितीवरहि हसल्या. आपल्या दुःखाकडे थोडें दुरून पाहतां आल्यावांचून त्याच्यावर हसतां येत नाहीं. हें दुरून पाहणें लेखन शिकवितें. शुद्धलेखन मागाहून येतें, आणि तें यावेंच. पण त्याच्यासाठीं मनाचें दार अडवून ठेवूं नये.

भाषेविषयींहि येथेंच सांगितलें पाहिजे. आपल्या शाळेंत धडगांव, अक्कलकुवा, तळोदें, शहादें, नवापूर ह्या सर्व तालुक्यांतून मुलें येतात. कोणाच्या घरीं भिली बोलतात, कोणाच्या पावरी, कोणाच्या मावची, कोणाच्या अहिराणी, कोणाच्या गुजरी. वर्गांतील पुस्तकी मराठी ही त्यांपैकीं पुष्कळांची दुसरी भाषा आहे. आईनें ज्या शब्दांनीं रागें भरलें, ते शब्द पुस्तकी मराठींत आणले कीं त्यांतला रागहि जातो आणि मायाहि जाते. म्हणून आपल्या वहींत मुलानें घरच्या बोलींत लिहिलें तर त्यांत कमीपणा नाहीं. आपल्याच शहादें भागांतील भिल्ल कवि वाहरू सोनवणे ह्यांनीं आपल्या लोकांचें जिणें आपल्या बोलींत कवितेंत आणलें. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. गोधडी ही चिंध्यांचीच असते. पण थंडींत तीच ऊब देते.

लेखनानें मनास बरें वाटतें हें केवळ लेखकांचें म्हणणें नव्हे. अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत जेम्स पेनेबेकर ह्या मानसशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यासह केलेला एक प्रयोग १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. ४६ विद्यार्थ्यांस लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटें लिहावयास बसविलें. कांहींस किरकोळ विषय दिले. कांहींस आपल्या आयुष्यांतील अत्यंत क्लेशदायक प्रसंगाविषयीं लिहावयास सांगितलें. लिहिल्याबरोबर ह्या दुसऱ्या मुलांचें मन अधिकच उदास झालें. परंतु ज्यांनीं घडलेली हकीकत व आपल्या भावना अशीं दोन्ही लिहिलीं, त्यांस पुढील सहा महिन्यांत दवाखान्यांत जाण्याचे प्रसंग इतरांहून कमी आले. नुसती हकीकत किंवा नुसता शोक ह्यांनीं तितकें काम झालें नाहीं. पुढें असे पुष्कळ प्रयोग झाले. त्यांत लाभ सरासरीनें लहानच दिसला, आणि सर्वांस सारखा झाला नाहीं. हेंहि सांगितलें पाहिजे, कारण लेखन ही जादूची कांडी आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पण एका पेन्सिलीनें व चार कागदांनीं मिळणारा लहानसा लाभहि टाकण्यासारखा नाहीं.

आतां नेमाविषयीं. मोजक्या दिवसांचा नेम माणसाला झेपतो, हें आपल्या वाडवडिलांनीं ओळखलें होतें. कोणी चातुर्मासाचा नेम धरतात, ख्रिस्ती घरांत उपवासकाळाचे चाळीस दिवस पाळतात, मुसलमान घरांत रमजानचे रोजे होतात. लेखनाचाहि असा नेम जगांत लोकांनीं करून पाहिला आहे. १९९९ सालीं अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरीं एकवीस जणांनीं एका महिन्यांत ५०,००० शब्दांची कादंबरी लिहिण्याचा पण केला. पुढें दरवर्षीं देशोदेशींचे लोक त्यांत भाग घेऊं लागले. तो उपक्रम चालविणाऱ्या संस्थेनें २०२५ सालीं आपलें काम बंद करण्याचें जाहीर केलें. त्यापासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. शेवटचा दिवस ठरलेला असला म्हणजे आरंभ करण्याचें धैर्य येतें; आणि बरोबर दुसरेहि लिहीत आहेत हें ठाऊक असलें म्हणजे मधल्या कंटाळ्याच्या दिवसांत पाऊल मागें पडत नाहीं. टाळण्यासारखी गोष्ट एक आहे: शब्दांची मोजणी हेंच ध्येय होऊं देऊं नये. शब्द वाढविण्यासाठीं लिहिलेलें पान हें निबंधाच्या पुस्तकांतील आईसारखेंच पोकळ असतें.

म्हणून आमची सूचना अशी आहे. येत्या सत्रांत पांचवीपासून दहावीपर्यंतच्या ज्या विद्यार्थ्यांची इच्छा असेल त्यांनीं चाळीस दिवसांचें लेखनव्रत घ्यावें. एक लहान वही करावी. रोज ठरलेल्या वेळीं पंधरा मिनिटें बसावें. बोर्डिंगच्या मुलांस रात्रीच्या जेवणापूर्वींची वेळ सोयीची आहे. रोज अर्धें पान लिहावें, अधिक लिहिण्याची सक्ति नाहीं. आज काय पाहिलें, काय केलें, काय खटकलें, कशाचा आनंद झाला, ह्यांपैकीं एकच घ्यावें. पण तें खरें असावें. सांगण्यासारखें कांहींच नसेल तर पावसाचें लिहावें, चुलीचें लिहावें, बसच्या खिडकींतून दिसलेल्या सातपुड्याचें लिहावें. जो दिवस चुकला तो चुकला. दुसरे दिवशीं दुप्पट लिहूं नये, आणि चुकलों म्हणून व्रत सोडूंहि नये.

सर्वांत महत्त्वाचा नियम आम्हां शिक्षकांसाठीं आहे. ही वही आम्ही वाचणार नाहीं. तींत तांबडी शाई फिरणार नाहीं, तिला गुण नाहींत. शेवटच्या दिवशीं ज्याला आपलें एखादें पान वर्गांत वाचून दाखवावेंसें वाटेल त्यानें वाचावें. ज्याला वाटणार नाहीं त्यानें वही मिटूनच घरीं न्यावी. दोघांचेंहि व्रत सारखेंच पुरें झालें असें आम्ही समजूं.

पालकांस येथें दोन विनंत्या आहेत. पहिली, ही वही आपणहि विचारल्यावांचून उघडूं नये. कदाचित् तींत आपल्याविषयींची तक्रार असेल. असूं द्यावी. मुलाच्या छातींत कोंडलेल्या तक्रारीपेक्षां कागदावर उतरलेली तक्रार बरी. ती लिहितां लिहितांच पुष्कळ वेळां निम्मी होते. "ह्यानें मार्क वाढतील काय?" असें आपण विचाराल. रोज अर्धें पान खरें लिहिणाऱ्या मुलाची भाषा सुधारल्यावांचून राहत नाहीं. पण आम्ही तें आमिष दाखविणार नाहीं. हल्लीं मुलें मोबाइलवर दिवसभर लिहीतच असतात, असेंहि आपण म्हणाल. तें लिहिणें दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारें असतें. उत्तर आलें नाहीं कीं मन खट्टू होतें. वहीस उत्तराची घाई नसते. तिच्यापुढें मूल कोणास दाखविण्यासाठीं नसतें.

दुसरी विनंति ज्यांना लिहितां येत नाहीं अशा आईबापांस आहे. आपण मुलास सांगावें आणि त्यानें लिहून घ्यावें. जळगांवजवळील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत व घरांत काम करतांना त्यांना गाणीं सुचत. तीं घरच्या माणसांनीं, त्यांचे चिरंजीव सोपानदेव व एका आप्तानें, उतरून घेतलीं. म्हणून १९५२ सालीं तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं आणि उरलीं. आपल्या घरांतील किती आयांचीं गाणीं, किती आजोबांच्या गोष्टी कोणी न लिहिल्यामुळें गेल्या असतील! लिहिणाऱ्या मुलानें ऐकावयासहि शिकलें पाहिजे. आणि आईचें बोलणें लिहून घेणारें मूल आईला आपोआप अधिक ओळखूं लागतें.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. वही ऐकून घेते, पण हात धरीत नाहीं. साने गुरुजींनीं आपल्या आयुष्यांत विपुल लिहिलें, तरी त्यांचें अखेरचें आयुष्य दुःखमुक्त झालें नाहीं. एकच दुःख पुन्हां पुन्हां लिहूनहि मन जड होत असेल, झोंप लागत नसेल, किंवा जगणेंच नकोसें वाटत असेल, तर वही बाजूस ठेवावी आणि आईवडिलांपैकीं, शिक्षकांपैकीं, बोर्डिंगच्या बाईंपैकीं ज्याच्यावर विश्वास असेल त्याच्याजवळ जाऊन बोलावें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. लिहिल्यानें एवढें तरी झालेलें असतें कीं, काय बोलावयाचें तें आपणांस ठाऊक असतें.

ज्या मुलाच्या निबंधापासून आम्हीं आरंभ केला, त्याला आम्हीं पुढें एक कोरी वही दिली आणि वरील नियम सांगितले. त्यानें ती कित्येक दिवस पेटींतच ठेविली. मग एके संध्याकाळीं तो येऊन म्हणाला, "सर, आई फोनवर बोलते तें पावरींतच लिहिलें तर चालेल का?" आम्हीं म्हटलें, "चालेल." त्यानंतर रात्रीच्या जेवणापूर्वीं तो कोपऱ्यांत बसून लिहितांना दिसतो. काय लिहितो तें आम्ही विचारलें नाहीं. त्याच्या पहिल्या निबंधास दिलेले आठ गुण मात्र आम्हांस अजून टोंचतात. पुढील वर्षीं 'माझी आई' हा विषय पुन्हां वर्गास देण्याचा आमचा विचार आहे. त्या वेळीं वह्यांतून जितकीं मुलें तितक्या निरनिराळ्या आया भेटाव्या, एवढीच आमची इच्छा आहे.